बिनक्लचच्या गाडीचा दसरा

माझा डावा गुडघा वाकत नाही. त्यामुळे मला एसटीची पायरी चढता येत नाही आणि क्लचही दाबता येत नाही. यजमानांनी मागे ठेवलेली जुनी जपानी मोटार मात्र आपले गिअर आपणच बदलते. तिच्याच आधाराने मी दर गुरुवारी मुरबाडहून डोळखांबला, माझी नणंद वत्सला हिच्याकडे जाते. ती अंथरुणाला खिळली आहे. मला ‘वैनी’ म्हणणारे तिच्याखेरीज आता कोणी उरलेले नाही.

त्या वर्षी भाद्रपदात चढणीवर गाडी अडू लागली. नाशिकहून माझा मुलगा सुयोग फोनवर म्हणाला, “आई, विकून टाक ती. इकडे ये राहायला.”

“मी गिअरपेटी दुरुस्त करून घेते,” मी त्याला बजावले. “त्यानंतर ती रस्त्यात एकदा जरी थांबली, तरी चावी तुझ्या हाती देईन आणि नाशिकला येईन. हा माझा शब्द.”

“बरं, बरं,” तो म्हणाला.

चंदर मिस्त्रीने गिअरपेटीतले तेल काढले. लाल असायचे ते काळे पडले होते आणि त्याला करपल्याचा वास येत होता.

“तेल तापतंय, काकू. याला भायेरून येगळा कूलर बसवाय लागंल.”

कल्याणहून आणलेला एक चपटा, जाळीदार कूलर त्याने रेडिएटरच्या पुढे बसवला. तेल दोन रबरी नळ्यांतून तिथे जाऊन, थंड होऊन परत यावे, अशी ती योजना होती. मी खुर्ची टाकून समोर बसले होते.

“ती नळी पत्र्याला घासते आहे. पुन्हा बांध.”

“गाडी तुमची, काकू, पन हात माझे हायेत ना?”

“तुझे आहेत, म्हणूनच सांगावे लागते.”

तो हसला आणि त्याने नळी पुन्हा बांधली. निघताना म्हणाला, “म्होरची जाळी मोकळी ठेवा. वारा लागला तरच तेल थंड व्हनार.”

दसऱ्याला यजमान गाडीच्या तोंडावर झेंडूचा जाड हार आडवा बांधीत. या घरची गाडी दसऱ्याला बोडकी कधी निघाली नाही. मी त्यांच्या हाराहूनही जाड हार करवून घेतला आणि स्वतः बांधला. हार म्हणजे काही आडोसा नव्हे, असे मला वाटले.

वत्सलेला सोने द्यायला निघाले, तर डोळखांबच्या चढणीवर इंजिन नुसतेच ओरडू लागले. गाडी पुढे सरेना. करपल्याचा तोच वास आला आणि ती थांबली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. मी काठी टेकत पुढे गेले. वाऱ्याने हार आत ओढला जाऊन जाळीला घट्ट चिकटला होता. कूलरचा बोटभरही भाग उघडा राहिला नव्हता. मी दोरा तोडला, फुले ओरबाडून काढली आणि कडेच्या दगडावर बसून राहिले. खाली भात पिवळे पडत होते. गाडी निवल्यावर चावी फिरवली. ती विनातक्रार चढून गेली. परंतु थांबली होती, हे खरेच.

“इतका येळ गो, वैनी?” वत्सला अंथरुणातून म्हणाली. मी तिच्या हातात सोने ठेवले. खिडकीतून गाडी पाहून ती म्हणाली, “यंदा हार नाय? दादा असता तर बोंबलला असता.”

“घातला होता. गाडीला मानवला नाही.”

“दादाची गाडी ना ती! नखरे असायचेच.”

मी तिची वेणी घातली. निघताना मात्र तिला नेहमीप्रमाणे “गुरुवारी येते” म्हणता आले नाही.

घरी येऊन चावी फोनपाशी ठेवली आणि बसले. काय सांगायचे, ते ठरलेले होते. दिवेलागणीनंतर फोन वाजला.

“आई, सोनं घे, सोन्यासारखी राहा. जेवलीस का? इथे पाहुणे आलेत गं, सगळे थांबलेत.”

“मी आज डोळखांबला गेले होते.”

“हो का? बरं केलंस. आत्यालाही सांग माझं. ठेवू का?”

मी चावी हातात घेतली. त्याच्याकडे भांड्यांचा आवाज येत होता.

“सुयोग, मी तुला एक शब्द दिला होता.”

“कसला गं?”

त्याला खरोखरच आठवत नव्हते.

“काही नाही. ठेव,” मी म्हणाले.

त्याच्या वाटचे सोने मी देव्हाऱ्यात ठेवले आणि चावी खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी चंदरला निरोप धाडला, की गुरुवारच्या आत गाडीचे तेल बघून जा.