जितकं खोल, तितकं बोल

दंड ओरडला आणि किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीने श्वास रोखला.

आधी बारीक कुरकुर, मग तुटक किंकाळ्या आणि शेवटी एक लांबलचक टाहो. दर्याबाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या हातातल्या दंडाला दोरखंड गुंडाळला होता, त्यावर शिंपल्यांच्या माळा लोंबत होत्या आणि तळाशी ताटाएवढी चकती कापडात बांधलेली होती. कोरड्या वाळूवर हा दंड मुका असे. ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यात आला की त्याला वाचा फुटे. जुन्या धक्क्यापाशी सोन्याने भरलेलं गलबत बुडालं आहे, असं बाबांनी सांगितलं होतं. दंड त्याला साक्षीदार, आणि दंड फिरवायची दक्षिणा आगाऊ.

"सोनं पाण्याला भीत नाही, पाणी सोन्याला भितं," बाबा म्हणाले. "जितकं खोल, तितकं बोल."

याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही, कारण बाबा दंड दोराने खड्ड्यात सोडत तेव्हा खड्डा खोल जाईल तसा त्याचा आवाज खरोखरच चढत होता. आणखी कसला पुरावा हवा?

खड्डा आता दोन पुरुष खोल झाला होता. तळाशी एकच माणूस मावत होता आणि तो होता विज्ञानाच्या बाईंचा धाकटा भाऊ. होड्या दुरुस्त करण्याचा कारखाना बंद पडल्यापासून त्याच्या हाताला काम नव्हतं. वर त्याची बायको दोर धरून उभी होती. खड्ड्याला शिडी नव्हती, कडांना फळ्यांचा आधार नव्हता. खिळा असलेली एकही वस्तू जवळ आणायची नाही, लोखंड दिसलं की सोनं खाली पळतं, ही बाबांची सक्त ताकीद. खणायलाही लाकडी फावडंच.

शाळा सुटल्यावर बाई किनाऱ्यावर आल्या तेव्हा भरती सुरू झाली होती. खड्ड्याच्या कडेवरून ओल्या वाळूचे लपके आत गळत होते.

"वर ये आधी," बाई खाली वाकून म्हणाल्या. "कडा सुटायला लागल्यात."

"ताई, आता नको. ऐकतेस ना, आवाज केवढा झालाय. हाताच्या अंतरावर आलंय."

"पाणी कुठवर आलंय तुझ्या?"

"गुडघ्याला. ते येणारच की, समुद्र आहे."

बाई भावजयीकडे वळल्या. "अगं, तू तरी सांग त्याला."

"सकाळपासून राबलेत ते, ताई," ती नजर न उचलता म्हणाली. "तुमची नोकरी आहे. आम्हाला एवढा एकच आवाज उरलाय."

तेवढ्यात दंड पुन्हा ओरडला. कुरकुर, किंकाळ्या, टाहो. बाई चमकल्या. हा आवाज त्यांनी नुकताच ऐकला होता, आणि तोही नवं यंत्र घेताना, पैसे मोजायच्या आधी.

पोहायला येणाऱ्यांच्या वाळूत हरवलेल्या अंगठ्या, किल्ल्या शोधून परत करायचा बाईंना छंद. जुनं धातुशोधक यंत्र जड, त्यात उजवा खांदा आखडलेला. म्हणून हलकं यंत्र घ्यायला त्या गेल्या होत्या. दुकानदार जुना-जाणता. "वजन बघाच," तो म्हणाला, "पण नुसतं वजन बघाल तर पस्तावाल." दोन यंत्रं घेऊन तो त्यांना थेट पाण्याच्या कडेला घेऊन गेला. पहिलं पिसासारखं हलकं आणि स्वस्त. ओल्या वाळूवर धरताच त्याने असाच हंबरडा फोडला. "हे शेतात चालायचं," दुकानदार हसला. "खारं पाणी लागलं की भुतानं झपाटल्यासारखं करतं." दुसरं किंचित जड, पण बॅटरी कोपरामागे असल्याने मनगटाला ओढ न लावणारं. एकाऐवजी अनेक लहरी सोडून ते मीठ आणि धातू वेगळे ओळखायचं. ओल्या वाळूवर ते गप्प राहिलं आणि बाईंनी तेच घेतलं.

म्हणजे दंडाला कापडात बांधलेली चकती अशाच स्वस्त धातुशोधकाची होती तर.

भावाशी वाद घालण्यात वेळ गेला असता. बाईंनी वरच्या नळावरून एक बादली भरून आणली, दुसरी समुद्रात बुडवली आणि दोन्ही कोरड्या वाळूत नेऊन ठेवल्या.

"बाबा, जरा इथं फिरवता का दंड?"

"तिथं काही नाही," बाबा हसले. खात्रीने चालत आले, दंड फिरवला. दंड गप्प. "सांगितलं ना, बाई. सोनं काय वाटेवर पडलेलं असतं?"

"नसतं. सगळ्यांनी पाहिलं ना, इथं काही नाही?"

माना हलल्या. बाईंनी नळाचं पाणी त्या जागी ओतलं. "आता?"

दंड गप्पच. मग जरा बाजूला, तितक्याच कोरड्या वाळूवर त्यांनी समुद्राची बादली रिकामी केली. "आता इथं."

बाबांनी दंड मागे घेतला. "देवाची परीक्षा बघू नये."

"देवाची नाही, दंडाची बघतेय." बाईंनी हात पुढे केला, पण त्यांच्याआधी भावजयीने दोर शेजारणीच्या हाती दिला होता. ती तरातरा आली, बाबांच्या हातातून दंड हिसकावला आणि समुद्राच्या पाण्याने भिजलेल्या वाळूवर धरला.

दंड किंचाळला.

गर्दीत कुणीतरी म्हणालं, "मग बादलीच खणा की."

हशा पिकला. भावजय हसली नाही. तिने दंड वाळूत टाकला, धावत खड्ड्याशी गेली आणि दोराला हिसका दिला. "वर या. आत्ताच्या आत्ता. बादलीत पण वाजतंय ते."

"काय बादलीत?"

"वर या, मग सांगते. नाही आलात तर मी खाली येते."

ही धमकी लागू पडली. तिने, बाईंनी आणि चार बायकांनी मिळून त्याला ओढून काढलं. तो कडेवर गुडघे टेकतो न टेकतो तोच समुद्राकडची बाजू खचली. आवाज फारसा झालाच नाही. तो उभा होता तिथे छातीएवढी वाळू बसली आणि तिच्यावर पाणी चढलं.

बाबा काढता पाय घेत होते, पण दोघा जणांनी त्यांना खांद्याला धरून पोलीस येईपर्यंत खाली बसवलं.

बाईंनी कापड सोडून चकती सगळ्यांना दाखवली. "ही खाली चुंबकी लहर सोडते. ज्यातून वीज वाहते ते तिला उत्तर देतं. धातूतून वाहते, खाऱ्या पाण्यातूनही वाहते. या स्वस्त यंत्राला दोन्हींतला फरक कळत नाही. लोखंडाला बंदी का होती? शिडीच्या खिळ्यांवरही ते वाजलं असतं आणि तुम्हाला शंका आली असती."

"पण ताई," भाऊ म्हणाला, "आवाज वाढत होता. मी स्वतः ऐकला."

"वाढतच होता. तू खोल जात होतास तसं पाणी जवळ येत होतं. समुद्र जवळ आलाय एवढंच ते यंत्र सांगत होतं."

त्याने खड्ड्याकडे पाहिलं. तिथे आता नुसतं पाणी हलत होतं.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका," बाई गर्दीला म्हणाल्या. "बादली आहे, नळ आहे, समुद्र आहे. उद्या स्वतः करून बघा. पण यापुढे कुणी आवाज ऐकवला, तर माणूस खाली उतरवायच्या आधी एवढं विचारा, की हा आवाज आणखी कशाने येऊ शकतो?"

भावजयीने नवऱ्याचा हात सोडला नव्हता. तिने दुसऱ्या हाताने रिकामी बादली उचलली आणि पाण्याच्या दिशेने चालू लागली. तिला आणखी एकदा बघायचं होतं.