अंगणातला ढोल

राजरत्नने टीव्हीच्या मागे पेनड्राइव्ह दोनदा उलटासुलटा खुपसला, तेव्हा कुठे तो आत गेला. घोडपदेवच्या चाळीतल्या बुद्धविहारात कमिटीचे पाच जण बसले होते आणि तिसऱ्या बैठकीलाही विषय तोच होता. बुद्धपौर्णिमेला श्रीलंकेचा ढोलवादक बोलवायचा की नाही?

बँकेतून रजा काढून तो बारा दिवस कँडीला राहून आला होता. विहारात, मिरवणुकीत, लग्नात, जिथे वाजेल तिथे जाऊन बसला होता. परतल्यापासून डोक्यात एकच भुंगा: आपली गायन पार्टी तिकडे गेली पाहिजे, त्यांचे वादक इकडे आले पाहिजेत. पण कमिटी म्हणजे पालथा घडा.

"भन्तेजींना बोलव ना," चिटणीस अक्षता म्हणाली. "वंदना होईल, फोटो पण मस्त येतील. ढोल कशाला?"

"अगं, त्यांच्या विहारातच ढोल वाजतो!"

"ते काकांना सांग."

अध्यक्ष सीतारामकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. धर्मांतराच्या साली त्यांच्या वडिलांनी जातीचं काम म्हणून गळ्यात पडलेला गावकीचा ढोल विहिरीत टाकला, ही गोष्ट चाळीत पोराटोरांनाही पाठ होती. राजरत्नला तिचाच वैताग आला होता. किती वर्षं तो ढोल विहिरीत ठेवायचा?

"काका, तिथे ढोलाला मान आहे. एकदा बघा तरी."

व्हिडिओ सुरू झाला. कँडीजवळच्या एका घराचं अंगण. वादक असा काही वाजवत होता की अक्षतानेही मोबाइल बाजूला ठेवला. जिंकलं, राजरत्नला वाटलं. वाजवणं संपलं, टाळ्या झाल्या, चहा आला.

"थांबव," काका म्हणाले. ते उठून टीव्हीजवळ गेले. "खुर्च्या रिकाम्या आहेत. मग हा चटईवर का बसलाय?"

"तिथली पद्धत असेल, काका."

"आणि हे बूट कुणाचे?"

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, एका खुर्चीपुढे, तपकिरी बूट दिसत होते. तेच बूट आत्ता विहाराच्या दाराबाहेर काढून ठेवलेले होते. दोन महिन्यांत हा व्हिडिओ त्याने शंभरदा तरी पाहिला असेल. बूट आज पहिल्यांदा दिसले.

"माझे," तो म्हणाला. "मी खुर्चीवर बसूनच शूट करत होतो."

काका परत जागेवर येऊन बसले. आवाज चढला नाही.

"माझ्या बापाचं वाजवणंही लोक असंच ऐकायचे, बाबा. अगदी खूश होऊन."