बटाट्याचा बुरेक

बुरेक म्हणजे खिम्याचाच. पातळ पारीत चीज भरलं की ती सिरनित्सा, बटाटा भरला की क्रुम्पिरुशा. आमच्या बोस्नियात हे शेंबडं पोरही सांगेल. पण माझी धाकटी बहीण मेव्लिदा लग्न होऊन उना नदीपलीकडे क्रोएशियात गेली आणि तिकडच्यांसारखी सगळ्यालाच बुरेक म्हणायला लागली. त्यावरून मी तिला कधी सोडलं नाही.

तेव्हा दोन्ही काठ एकाच देशात होते. मग देश फुटला. पुढे पलीकडच्यांना युरोपच्या संघात घेतलं, मग त्यांच्याकडे युरो आला, मग पार पोर्तुगालपर्यंत त्यांना कुणी अडवेनासं झालं. आम्ही अजून उमेदवारच, लग्न न जमलेले. बहिणीकडे जायचं तर पुलावर चौकी. दूध-मांस पलीकडे न्यायचं नाही.

शुक्रवारी तिचा फोन आला. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"ताई, घशाखाली काही उतरत नाही गं. तुझ्या हातचा बटाट्याचा बुरेक खावासा वाटतो."

"क्रुम्पिरुशा म्हण."

"मरताना तरी शिकवू नकोस," ती हसली. "लवकर ये."

सकाळी गरम परात टॉवेलात गुंडाळून मी पुलावर गेले. चौकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, "आजी, टॉवेलात काय?"

म्हटलं, याला याच्याच भाषेत सांगावं, उगाच खोळंबा नको. मेव्लिदाचा शब्द जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला.

"बुरेक."

"म्हणजे मांस. चालणार नाही."

"अरे बाबा, बटाट्याचा आहे!"

"माझी आजी बोस्नियाचीच. बुरेक म्हणजे खिमा, तिने कान धरून शिकवलंय. पकडलं की सगळ्यांचाच बटाट्याचा होतो."

"उघडून तर बघ!"

मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. त्याने न बघताच सगळं पिंपात ओतलं आणि रिकामी परात मला परत दिली. मी त्याला नाही नाही ते बोलले. उपयोग काय!

घरी पोचले तर अंथरुणावरच मेव्लिदाने परातीचा टॉवेल नाकाशी धरला. डोळे मिटूनच म्हणाली, "क्रुम्पिरुशा." माझ्यासाठी म्हणाली.

"बुरेकच म्हण गं," मी म्हटलं. "इथेच करते. पीठ कुठे ठेवतेस?"

तिच्याच ओट्यावर मी पीठ मळलं, बटाटे चिरले. टेबलभर पारी ताणत होते, तेवढ्यात तिच्या नवऱ्याने, झ्वोन्कोने, आतून हाक मारली. मी पिठाच्या हातांनीच धावले.

ती उपाशीच गेली.