दुसरा शेवट

मी माझ्या नवऱ्याच्या विरोधात मत दिलं. एकदा नाही, रोज दहा वेळा, सलग चौदा दिवस. एका फोनवरून दिवसाला दहाच मतं घेत होते, नाहीतर अकरावंही दिलं असतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला बिचारी वगैरे समजायला नको.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. ‘नवा रक्षक’ नावाच्या टीव्हीवरच्या स्पर्धेत बारा साधी माणसं घेतली होती. प्रत्येकाने आपापला महानायक घडवायचा, त्याचा पोशाख चढवायचा आणि धुरातून बाहुले बाहेर काढ, भिंतीला लटक, असले उद्योग करायचे. हा झाला ‘पोलादी दोर’. पहिल्याच दिवशी ह्याने पाठीवरचा झगा घालायला साफ नकार दिला. लिफ्टच्या कामात अंगावर सैल कपडा ठेवत नाहीत, चाकात अडकला की माणूस गेला. वाहिनीवाल्यांनी आधी डोळे वटारले, मग त्याचंच भांडवल केलं. झगा नसलेला एकमेव महानायक म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पंचेचाळिशीचा माणूस, पोट आत ओढून उभा, आणि अनोळखी लोक रस्त्यात त्याला थांबवून फोटो काढायला लागले.

चित्रीकरण अकरा आठवडे चाललं. त्या अकरा आठवड्यांत मी घरी काय करत होते, ते कुठल्या वाहिनीने दाखवलं नाही. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना सकाळी पलंगावरून उचलून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, तिथून परत खुर्चीत. मग मी दुकानात जाऊन पडदे शिवायचे, जेवणाच्या सुट्टीत धावत घरी यायचे, त्यांना पुन्हा उचलायचे, पुन्हा दुकान. सासूबाई स्वभावाने वाईट नाहीत, पण वजनाने भारी आहेत. माझी कंबर पार कामातून गेली.

परत आला तेव्हा ह्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, जो जिंकेल त्याने वर्षभर पोशाख घालून गावोगाव फिरायचं, असा करार होता. वर्षभर. मी त्याला दोनदा विचारलं, महिने किती म्हणून. तो शांतपणे बारा म्हणाला. त्याच संध्याकाळी मी ‘लाट’ला मत द्यायला सुरुवात केली. लाट म्हणजे अंतिम फेरीतली दुसरी स्पर्धक, एक पोहायला शिकवणारी बाई. तिच्याशी माझं ना देणं ना घेणं.

दुसरी गोष्ट सासूबाईंनी कान देऊन ऐकली. निकाल बाहेर फुटू नये म्हणून शेवट दोनदा चित्रित केला होता. एकदा लाट जिंकते, एकदा दोर जिंकतो. लोकांची मतं यायची होती, तेव्हा कोणता दाखवणार हे खुद्द ह्यालाही माहीत नव्हतं. हरल्याचा भाग म्हणे एका फटक्यात झाला. जिंकल्याचा पाच वेळा घ्यावा लागला, कारण दिग्दर्शकाला हात उंचावून हसणारा वीर हवा होता आणि हा दर वेळी रडायचा. हे सांगताना तो हसत होता. मी कांदा चिरत होते, त्यामुळे माझ्याकडे कुणी फार लक्ष दिलं नाही.

शेवटचा भाग रविवारी दुपारी चार वाजता लागणार होता. सासूबाईंनी सकाळीच केस विंचरून घेतले आणि ठेवणीतली शाल मागितली. खुर्ची टीव्हीसमोर हवी होती, इतकी समोर, की मला मध्ये जेमतेम पाऊल टाकता येत होतं. हा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. मी दुकानातला एक पडदा घरी आणला होता, त्याला दुमड घालत दाराशी बसले. हातात काम असलं की तोंड कुठे ठेवायचं हा प्रश्न पडत नाही.

दीड तास त्यांनी जुनंच उगाळलं. कोण कधी पडलं, कोण कधी रडलं. मधूनमधून जाहिराती. मग एकदाचे दोघं उजेडात उभे राहिले आणि निवेदकाने नुसतं पाकीट फोडायला एवढा वेळ लावला, की तेवढ्यात माझी एक अख्खी बाजू शिवून झाली. लाट जिंकली. पडद्यावरच्या माझ्या नवऱ्याने लगेच टाळ्या वाजवल्या, तिला पुढे केलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला. एका फटक्यात का झालं असेल ते दिसत होतं. जमिनीवर बसलेला माझा नवरा मात्र हात मांडीवर ठेवून नुसता बघत होता.

मला सुटल्यासारखं वाटलं. पाठोपाठ लाज वाटली. पण सुटल्यासारखं आधी वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

तो टीव्ही बंद करायला उठला, तर सासूबाईंनी त्याचा हात धरला.

“थांब. दुसरा दाखवायचाय अजून.”

आम्हाला आधी उमगेना. मग लक्षात आलं. दोन शेवट चित्रित केलेत म्हणजे दोन्ही दाखवणार, असा त्यांनी दोन आठवडे सरळ हिशेब धरला होता. आधी तिचा, मग आपल्या मुलाचा. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने त्यांना नीट समजावलं, की जो लागला तोच खरा, दुसरा आता कुणीच बघणार नाही. त्या ऐकत होत्या, पण नजर पडद्यावरून हलली नाही.

“मग तुला पाच-पाचदा रडवलं कशाला?” त्या म्हणाल्या.

तो बरं म्हणाला आणि परत त्यांच्या पायाशी बसला. साबणाची जाहिरात लागली, मग गुडघेदुखीवर बोलणारे एक डॉक्टर आले, मग बातम्या. मायलेक दोघं ताठ बसून बातम्या बघत होते. पाऊण तासाने सासूबाईंची मान कलली. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना पलंगावर नेलं. अर्धवट झोपेत त्यांनी टीव्ही चालू ठेवायला बजावलं, म्हणून तो चालूच ठेवला.

स्वयंपाकघरात तो कप विसळत होता. मी फडकं घेऊन शेजारी उभी राहिले. खरंतर मी गप्प बसू शकले असते. पण इतकी दमले होते, की एक गोष्ट पोटात धरून ठेवायचीही ताकद राहिली नव्हती.

“मी लाटला मत देत होते,” मी म्हणाले.

“माहीत आहे.”

त्याने मान वर केली नाही. त्याचा फोन बंद पडला होता, म्हणून औषधाच्या दुकानात विचारायला माझा घेतला, असं त्याने सांगितलं. मत नोंदवल्याबद्दल आभाराचे संदेश एकाखाली एक होते. कधीची गोष्ट, असं मी विचारलं, तर म्हणाला चौथ्या दिवशीची. म्हणजे दहा दिवस हा माणूस माझ्या ताटासमोर बसून जेवत होता, आणि मी त्याला काही कळू नये म्हणून बाल्कनीत जाऊन मतं देत होते.

“मग बोलला का नाहीस?”

त्याने एक कप दोनदा विसळला.

“आईला उचलताना तू श्वास रोखून धरतेस. आल्या दिवशीच बघितलं मी. काय बोलणार त्यावर?”

मी फडकं पुढे केलं. त्याने हात पुसले, एकेक बोट पुसलं, ग्रीस काढायची सवय आहे त्याला तशी. बाहेर बातम्या संपून कसलंतरी गाणं लागलं होतं.

“पण मला जिंकायचं होतं गं,” तो म्हणाला. “खूप.”

“माहीत होतं. जिंकला असतास तर वर्षभर गेलाच असतास.”

माहीत नसतं, तर एक-दोन मतं देऊन गप्प बसले असते.