पश्चिमेचा सहावा खांब

आमच्या बेटाच्या पाच होड्या समुद्रात होत्या आणि आकाशात खांब सहा दिसत होते. वाद तिथूनच सुरू झाला.

हे खांब आम्ही लहानपणापासून पाहतो. मगरिबची नमाज होऊन अंधार पडला की कधीकधी समुद्रावर, आकाशात उभ्या उजळ रेघा दिसतात. काही पांढऱ्या, काही हिरवट, आणि खाली कशालाच न टेकलेल्या. आम्ही त्यांना लान्सुक-लान्सुक म्हणतो. लान्सुक म्हणजे मेणबत्ती. जुनी माणसं किनाऱ्यावर उभी राहून मोजतात: एक होडी, एक मेणबत्ती. आणि जिच्याखाली होडी सापडत नाही, ती मेणबत्ती बुडालेल्या माणसाची.

माझ्या मेरहामाताईचा नवरा अलनाजिर चार दिवसांसाठी म्हणून मासेमारीला गेला होता. त्याला अकरा दिवस झाले होते. बाकीच्या पाच होड्या कुठे आहेत ते फोनवरून कळत होतं, आणि पाच खांब बरोबर त्यांच्याच दिशांना होते. सहावा पश्चिमेला, पांढऱ्या खडकाच्या बाजूला. आमचे चुलते जुमदाइनबापा आदल्या दिवशी थेट खडकापर्यंत जाऊन आले होते.

"काही नाही," ते म्हणाले. "फळकूटसुद्धा नाही."

इमामसाहेब ताईच्या घरी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मुली, उद्यापासून सात रात्रींची दुआ सुरू करू." म्हणजे उद्यापासून ताई विधवा.

मी झांबोआंगा शहरातून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन महिन्यापूर्वीच परतले होते. गप्प बसणं मला जमलं नाही.

"इमामसाहेब, तो होडीवरचाच दिवा आहे. वर दहा किलोमीटरवर बर्फाचे बारीक, चपटे कण असतात. ते आडवे तरंगतात आणि खालचा उजेड आरशासारखा परत..."

"बर्फ?" जुमदाइनबापा हसले. "दर्विसा, इथे मासळीवर घालायला बर्फ मिळत नाही, आणि तू आकाशात कारखाना काढलास?"

"मग होडी कुठे गेली?" इमामसाहेबांनी विचारलं. "हा स्वतः जाऊन बघून आला. दिव्याखाली होडी नको?"

उत्तर मला संध्याकाळी धक्क्यावर उभी असताना सुचलं. पलीकडच्या टोकाला दिवा होता आणि त्याच्या उजेडाचा लांब पट्टा पाण्यावरून हलत माझ्यापर्यंत येत होता. मी जुमदाइनबापांना हाक मारली.

"बापा, हा पट्टा दिव्याखाली आहे का?"

"छे. अलीकडे आहे. माझ्या पायापर्यंत येतोय."

"होडी घेऊन त्याच्यावर गेलात तर?"

"तो पुढे सरकतो. चांदण्यात रोजच बघतो की. मला शिकवतेस?"

"नाही, तुमच्याकडून शिकतेय. वर तेच आहे, फक्त उलटं. आपल्याला खांब दिसतो तो दिव्याच्या डोक्यावर नाही, दिवा आणि आपण यांच्या मध्यावर. तुम्ही खडकापर्यंत गेलात ती अर्धीच वाट. दिवा अजून तेवढाच पुढे."

ते म्हणाले, "मग आम्ही आजवर ज्यांच्या ज्यांच्या खांबाखाली जाऊन परत फिरलो..."

आणखी एक गोष्ट माझ्या वहीत होती. मासळीला भुलवणारे दिवे पहाटेपर्यंत जळतात. सहावा खांब मात्र तीन संध्याकाळी सातच्या सुमाराला उगवला होता आणि तासाभरात मावळला होता. जनरेटरचं इंधन कुणीतरी पुरवून पुरवून वापरत होतं.

उत्तरेला चौदा किलोमीटरवर शेजारचं बेट आहे. माझी वर्गमैत्रीण हनिना तिथल्या शाळेत शिकवते. मी तिला फोन केला. खांब उगवल्यावर दोघींनी फोनच्या होकायंत्रावर दहा दहा वेळा दिशा मोजली आणि सरासरी काढली. माझी दोनशे ब्याऐंशी अंश, तिची दोनशे चौसष्ट. नकाशावर दोन रेघा ओढल्या. त्या सेहेचाळीस किलोमीटरवर एकमेकींना छेदत होत्या. खडक बरोबर तेवीसवर. एकदोन अंशांची चूक धरली तर पाच किलोमीटर इकडेतिकडे.

इमामसाहेबांनी नकाशा नीट पाहिला. "बेटावर दोनच कॅन पेट्रोल उरलंय," ते म्हणाले. "पुढची बोट पाच दिवसांनी. दोघी जणींचे दिवस भरत आलेत. मध्येच कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?"

तेव्हा ताई बोलली, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने.

"खांबाखाली होडी नाही म्हणून तुम्ही मला विधवा करायला निघालात. आता ही म्हणते, तुम्ही चुकीच्या जागी शोधलंत. एकदा बरोबर जागी बघून या. मग मी पांढरं नेसते, कुरकुर न करता."

इमामसाहेब नकाशाची घडी घालत म्हणाले, "एकच कॅन. पहाटे फजरच्या नमाजनंतर निघा."

एका कॅनमध्ये जाऊन येणं जेमतेम बसत होतं. मी आणि जुमदाइनबापा निघालो. वारा नव्हता. खडक मागे पडला तसे बापा माझी गंमत करायचे थांबले. नऊच्या सुमाराला दूर एक पायाव दिसला. पायाव म्हणजे खोल पाण्यात नांगरून ठेवलेला बांबूचा तराफा, त्याच्या सावलीला मासे धरतात. त्याला उलांडीची, बाजूंना तोलाचे बांबू असलेली एक होडी बांधलेली होती. रेघा जिथे छेदल्या होत्या तिथून तीन किलोमीटरवर.

बापांनी इंजिनाचा वेग कमी केला. मला कारण कळायला थोडा वेळ लागला. अलनाजिरची होडी पिवळी होती. ही निळी होती.

त्यावर तीन जण होते, दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरचे. इंजिनाचा दांडा तुटून त्यांना चौदा दिवस झाले होते. कच्चे मासे आणि ताडपत्रीत साठलेलं पावसाचं पाणी, एवढ्यावर ते तगले होते. होडीचा प्रमुख, म्हातारा तांडेल, रोज एक तास दिवे लावायचा. अलनाजिरची होडी त्यांनी पाहिली नव्हती. मी दोनदा विचारलं.

परतीच्या वाटेवर मी हिशोब तपासत होते. दिशा बरोबर होत्या, अंतरही जवळपास बरोबर होतं. इमामसाहेबांच्या मोजणीला मी मनात हसले होते, आणि 'पाच आपल्या होड्यांचे, म्हणजे सहावा अलनाजिरचाच' ही त्यांचीच मोजणी न तपासता उचलली होती. दिवा कुठे आहे ते मला सांगता आलं. कुणाचा आहे, ते मी गृहीत धरलं.

ताई गुडघाभर पाण्यात उभी होती. होडीत पाच डोकी दिसल्यावर ती आणखी पुढे आली आणि एकेक चेहरा बघत गेली. मग वळली, घरी गेली आणि चुलीवर पेज ठेवली.

पेज पिऊन झाल्यावर तिने म्हाताऱ्याच्या हातात स्वतःचा फोन दिला. पलीकडे बाईचा आवाज आला, मग एक किंकाळी, मग खूप जण एकदम बोलायला लागले. म्हातारा नुसताच "मी आहे, अगं मीच आहे" म्हणत राहिला.

फोन ठेवून तो ओशाळून हसला. "त्यांनी माझ्या सातही रात्री उरकल्या. जेवणावळसुद्धा झाली."

"कोंबडी होती का?" बापांनी विचारलं.

"दोन बकरे."

"मग नाव काढलंत म्हणायचं."

सगळे हसले, इमामसाहेबही. ताई हसली नाही. भांडी गोळा करत ती इमामसाहेबांना म्हणाली, "मी नेसते म्हणाले होते, ते मला आठवतंय. पण उद्या नको. यांच्या माणसांनी घाई केली, मी नाही करणार."

"किती दिवस थांबशील?"

"ते तुम्ही किताबात बघून सांगा. तोवर थांबते."

त्या संध्याकाळी आकाश अगदी निरभ्र होतं. ताई माझ्याबरोबर धक्क्यावर आली. सात वाजून गेले, साडेसात झाले. एकही खांब उगवला नाही. आमच्या पाचही होड्या दिवे लावून होत्या, मी तासाभरापूर्वीच सगळ्यांशी बोलले होते.

"वर बर्फच नसेल आज," ताई म्हणाली.

"नसेल."

"म्हणजे खांब नाही म्हणून होडी नाही, असं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "तसं नाही."

तिने मान हलवली आणि पश्चिमेकडे बघत राहिली.