फोटोपुरता पलंग

"ट्रॉल्या हलव, नोरीन. आरोग्यमंत्री पुलापर्यंत आलेत."

"कुठे हलवू? डोक्यावर घेऊ?"

डोलन हा आरोग्य मंडळाचा जिल्हा व्यवस्थापक, आणि नोरीन अपघात विभागाची मुख्य नर्स. दोघं एकाच वर्षी या इस्पितळात लागली, त्यामुळे त्याच्यापुढे तिची जीभ सैल सुटायची. कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून, पलंग न मिळालेल्या पेशंटांच्या ट्रॉल्यांची रांग होती. शेवटच्या ट्रॉलीवर, संडासाच्या दाराशी, पॅकी गिलूली कालपासून पडून होता. जन्म दलदलीतली जळणाची माती कापणाऱ्या यंत्रावर काढलेला म्हातारा; आता छातीत पाणी झालेलं, नाकाला ऑक्सिजनची नळी. दार उघडलं की त्याच्या पायांवर आपटायचं, आणि दर वेळी तोच "माफ करा हं" म्हणायचा.

"सगळ्यांना व्यायामाच्या खोलीत ने," डोलन म्हणाला. "तासाभराचा तर प्रश्न आहे."

"तिथे ऑक्सिजन नाही. पॅकी तेवढा वेळ काढायचा नाही."

"मग मी काय करू? नव्या वॉर्डाच्या नर्सांची मंजुरी मंत्र्यांनी अडवलीय."

"आणि मंत्री रेडिओवर सांगतात, माणसं नेमणं मंडळाचं काम!"

डोलन घड्याळ बघत दाराकडे गेला. नवा वॉर्ड समोरच होता, काचेच्या दारापलीकडे. प्लास्टिकही न काढलेले पलंग होते, आणि एकच पलंग पांढरीशुभ्र चादर घालून सजवलेला, फोटोपुरता. मंत्री डब्लिनहून येणार, फीत कापणार, त्या पलंगाशी उभे राहणार. मग वॉर्डाला पुन्हा कुलूप.

पॅकीची बायको टेसी त्याची टोपी मांडीवर घेऊन बसली होती. "सिस्टर, ह्यांची नखं निळी पडलीत बघा."

नोरीनने बघितलं. कॉरिडॉरमधला ऑक्सिजन त्याला पुरत नव्हता. पेन्शनला फार दिवस उरले नव्हते. या वयात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं परवडणार नव्हतं. पण संताप म्हणतात तो अशा वेळी हिशेब विचारत नाही. तिने बाकीचे पेशंट जोडीच्या नर्सवर सोपवले आणि ट्रॉलीचा ब्रेक लाथेनेच काढला.

"टेसी, वॉर्डाच्या दारातली ती फीत वर उचलून धर."

ट्रॉली फितीखालून गेली. पॅकीने डोळे उघडले. "टेसे, आपल्या लग्नातसुद्धा असली सजावट नव्हती गं."

"गप पडा हो. दम पुरवा."

नोरीनने त्याला सजवलेल्या पलंगावर घेतलं, भिंतीतल्या नव्या नळाला नळी जोडली. ऑक्सिजन फुसफुसला आणि तिच्या जिवात जीव आला. तेवढ्यात बाहेर टाळ्या वाजल्या, फीत कापली गेली आणि कॅमेऱ्यांसकट मंत्री आत आले. पलंगावरचा माणूस बघून त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं.

"हा वॉर्ड सुरू झालाय? परवानगी कोणी दिली?"

"मंडळाने नाही, साहेब," डोलन घाईने म्हणाला. "कदाचित मंत्रालयातून—"

"पेशंट कुठे ठेवायचा हे मंत्रालय ठरवत नाही. ते तुमचं काम."

"पण मंजुरी तुमची असल्याशिवाय—"

कॅमेरे चालूच होते. दोघांनीही एकदम नोरीनकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

"मी आणलं," ती म्हणाली. "नोरीन कॉन्लन. लिहून घ्या."

मंत्र्यांनी पुढे होऊन पॅकीचा हात हातात घेतला. "कसं वाटतंय, आजोबा?"

"झकास. इथे दार पायाला लागत नाही."

मंत्री चहा-सँडविचकडे वळले. डोलन मागे थांबला. "उद्यापासून घरी बस. चौकशी होईपर्यंत."

"सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे सही करता येते तुला."

तो मंत्र्यांच्या मागे चहाकडे गेला.

ड्यूटी संपूनही नोरीन तिथेच बसली. नव्या वॉर्डाला दुसरी नर्स होती कुठे? दिवेलागणीला पॅकीचा श्वास लांबत गेला आणि टेसीचा हात हातात असतानाच थांबला. टेसीने त्याचे डोळे मिटले.

"खिडकी उघड गं बाई. त्यांना बाहेर पडू दे."

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या आत्म्याला वाट म्हणून हे आधी करायचं. नोरीनने खिडकीला हात घातला. ती बंदच बसवलेली होती, कडीच नव्हती. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. खिडकी उघडता येत नाही, हे या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

वॉर्डाला कुलूप घालायला पहारेकरी आला. "सिस्टर, बंद करायला सांगितलंय."

"कोणी?"

त्याला ते ठाऊक नव्हतं. नोरीनने एक खुर्ची ओढत नेली आणि काचेचं दार सताड उघडून तिला टेकवलं. बाहेरच्या ट्रॉल्यांवरची माणसं माना वळवून बघू लागली.

पहारेकऱ्याने टोपी काढली आणि किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट धरल्या.