दुफीचं पांढरं पान

“तुझ्याच कॉम्प्युटरनं पांढरं दिलंय. आम्ही कुणी मागायला गेलो नव्हतो,” असं म्हणत अदुसेई मामांनी मोबाइल अम्पोन्साच्या नाकासमोर धरला.

आईचा फोटो, भोवती पांढरी किनार, वर सोनेरी अक्षरांत ‘भरल्या आयुष्याचा सोहळा’. खाली नाव दुफी, वय ब्याऐंशी. पान देखणं झालं होतं यात शंका नाही.

कुमासी शहरात माणूस गेलं की आधी रंग ठरतो. पुष्कळ जगून गेलं तर पांढरा-काळा, अवेळी किंवा अपघातानं गेलं तर लाल-काळा. रंग बघून लोक ठरवतात, नाचायच्या तयारीनं जायचं की रडायच्या.

मॅडम फोसुआंच्या ऑफिसात अम्पोन्सा अशी शोकपानं करत असे. घरच्यांनी नाव, वय, फोटो भरायचा, की त्याच्या हाताखालचं प्लगइन, एक छोटा प्रोग्रॅम, तिथल्या तिथे त्या पानाची स्टाइलशीट तयार करी, म्हणजे रंग, किनार, अक्षरं, सगळं. त्याच्या आधीच्या माणसानं त्या कोडचा पार उकिरडा करून ठेवला होता. या गावासाठी एक अट, त्या सरदारासाठी दुसरी. एक पान दुरुस्त करावं तर भलतंच बिघडायचं. अम्पोन्सानं महिनोन्‌महिने बसून ते निवडलं, झाडलं, पुसलं. ‘मृत्यू कसा झाला?’ हा प्रश्नही काढून टाकला, कारण लोक तिथे वाटेल ते लिहीत. कुणी ‘देवाची मर्जी’, कुणी ‘शेजारीण’. राहिला एकच नियम, सत्तरीच्या वर पांढरा. कोडच्या त्या फायलीचा त्याला स्वतःच्या पोरीच्या परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त अभिमान होता. कुणी अपवाद मागायला आलं की तो हसून हात जोडी. “एकाचं नाव आत घेतलं की दारात रांग लागते, साहेब.”

आता तो हसत नव्हता.

“मामा, आई म्हातारपणानं गेली नाही.”

“ब्याऐंशीची होती ती.”

“तुमच्या शोषखड्ड्यात पडून गेली. झाकण नव्हतं. कुजकी फळी टाकली होती वर.”

मामा मटकन खाली बसले. त्यांचेही डोळे सुजले होते. “माझी थोरली बहीण होती रे. मला पाठीला बांधून वाढवलं तिनं. मला काय सुख झालंय का? पण लाल केलं की गाव विचारणार, काय झालं म्हणून. काय सांगायचं मी?”

मामा आईच्या घराण्याचे प्रमुख. तिथे घराणं आईकडून चालतं, आणि मृतदेहाचं काय करायचं ते प्रमुख ठरवतो, मुलगा नाही. मुलानं शवपेटी आणायची आणि सांगतील तिथे उभं राहायचं.

ऑफिसात येऊन त्यानं ती फाइल उघडली. काढलेला प्रश्न परत घालून उपयोग नव्हता. उत्तर मामाच भरणार होते. मग त्यानं इतकी वर्षं कुणासाठीही केलं नव्हतं ते केलं. मधोमध एक ओळ लिहिली, नाव दुफी असेल तर लाल. सगळ्या फायलीत इतकी ओंगळ ओळ दुसरी नव्हती. पान लाल झालं. आई गेल्यापासून त्याला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

दुपारी मॅडम फोसुआ त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. “तुझ्या मामांचा फोन होता. फार भडकलेत.”

“माझी आई आहे ती, मॅडम.”

“आई तुझी, पण गिऱ्हाईक ते.” त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “काढ बाबा ती ओळ. दुसऱ्या कुणाला काढायला सांगणं माझ्या जिवावर येईल.”

त्यानं काढली. फाइल पहिल्यासारखी स्वच्छ झाली आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

शनिवारी अंत्यविधीला मैदानभर पांढरंच पांढरं होतं. मांडव, खुर्च्या, छाती हादरवणारे स्पीकर. मावसभाऊ हातरुमाल उडवत नाचत होते. त्यात अम्पोन्सा एकटा लाल वस्त्र खांद्यावरून घेऊन आला.

“डोकं फिरलंय का तुझं? जा, बदलून ये,” मामा दात आवळून म्हणाले. “लोक बघतायत.”

“बघू देत, मामा.”

तो घरच्यांच्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर बसला. मामा त्याच्या शेजारी होते. चारचौघांत मुलाला ओढून उठवणं त्यांना शोभलं नसतं.

लोक एकेक करून हात मिळवायला आले. सगळ्यांच्या पुढे तिवा मावशी होती. बाजारात आईच्या शेजारी बसून सुकी मासळी विकणारी. तिनं अम्पोन्साचा हात धरला तो सोडलाच नाही.

“लाल का रे, बाळा? काय झालं होतं दुफीला?”

गाणी इतकी मोठ्यानं चालली होती की त्याला तिच्या कानाशी तोंड न्यावं लागलं. “मामांच्या उघड्या खड्ड्यात पडली, मावशी. सकाळी पडली. संध्याकाळी सापडली.”

डोक्याचं पांढरं फडकं म्हातारीनं सोडलं, घडी घालून काखेत धरलं आणि मामांनी पुढे केलेल्या हाताकडे न बघता निघून गेली. तिच्या मागचा माणूस अम्पोन्साचा हात हातात घेऊन खाली वाकला.

“काय झालं होतं?” त्यानं विचारलं.